ग्वाल्हेर, झाशी, ओरछा, दतिया: एक सॅक, एक रेल्वेमार्ग, चार गावं

भोपाळमार्गे दिल्लीला जाणाऱ्या गाडीतून ग्वाल्हेरचा किल्ला खिडकीतूनच दिसतो. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी तो तेवढाच पाहतात आणि ताजमहालाच्या ओढीने पुढे आग्र्याला उतरतात. राजवाडेच बघायचे तर राजस्थानाचं पॅकेज काढतात. पण या एकाच रेल्वेमार्गाच्या शंभर किलोमीटरच्या टप्प्यात जे महाल उभे आहेत, ते पाठीवर सॅक टाकून, शेअर रिक्षा आणि पॅसेंजर गाडीने, खिशाला फारशी चाट न देता आठवडाभरात नीट पाहून होतात. नीट म्हणजे एका दिवशी एकच किल्ला किंवा महालांचं एकच आवार, आणि सुरुवात सकाळी.

दुसरी अट क्रमाची. महाराष्ट्रातून जाताना आधी झाशी लागते, म्हणून लोक तिथेच उतरतात आणि आधी ओरछा उरकतात. तसं करू नका. गाडीत बसून राहा, सरळ ग्वाल्हेरला उतरा आणि मग दक्षिणेकडे परत या. याला कारण आहे. राजा मानसिंह तोमराने साधारण १५०० च्या आसपास ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर बांधलं. १५२८ मध्ये बाबराने ते पाहिलं आणि त्याबद्दल लिहून ठेवलं. पुढे अकबराच्या काळात आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीत जे बांधकाम झालं त्यात ग्वाल्हेरची छाप आहे. तीच घडण बुंदेला राजांनी ओरछात उचलली, वाढवली आणि दतियात शिगेला नेली. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया या क्रमाने पाहिलं की कोणी कुणाकडून काय घेतलं ते गाईडशिवाय कळतं. उलट्या क्रमाने पाहिलं तर दतियानंतर बाकी सगळं फिकं वाटतं.

कधी जायचं, कसं जायचं

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. डिसेंबर-जानेवारीत थंडी सुखाची असते, पण धुकं नव्हे. त्या दिवसांत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि सकाळी दहापर्यंत किल्ल्यावरून खालचं शहर दिसतही नाही. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. दगडी गच्चीवर तेव्हा पाय ठेवायची सोय नसते. पावसाळ्यात बेतवा नदी भरलेली असते आणि ओरछा हिरवंगार होतं, पण महालांतले जिने निसरडे होतात.

मुंबईहून पंजाब मेल सोयीची. १९१२ पासून धावणारी ही गाडी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झाशी करून ग्वाल्हेरला पोचते. पुणेकरांना झेलम आणि गोवा एक्सप्रेस आहेत. गोवेकरांना वास्कोहून तीच गोवा एक्सप्रेस थेट मिळते. नागपूरकरांना तर दिल्लीची जवळपास कुठलीही गाडी चालते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या आसपास जायचं असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढा. जाण्याचं तिकीट ग्वाल्हेरपर्यंत आणि येण्याचं झाशीहून घ्या. झाशी स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असं झालं आहे. तिकिटाच्या ॲपवर जुना कोड टाकून गाड्या सापडत नसतील तर त्याचं कारण हे.

सॅक चाळीस लिटरची पुरे. वजन इतकंच असावं की ती पाठीवर घेऊन अरुंद चक्री जिना चढता येईल. दोन गोष्टी मात्र हव्यातच. एक, चांगली टॉर्च. मोबाइलचा उजेड तळघरांत पुरत नाही आणि मोबाइल हातात धरून जिना चढताना आधाराला हात उरत नाही. दुसरी, साखळी-कुलूप. गाडीत तर ते लागतंच, शिवाय स्टेशनच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. तिथे प्रवासाचं तिकीटही दाखवावं लागतं, तेव्हा ते मोबाइलमधून पुसू नका. सॅकच्या चेनला लागेल असं छोटं कुलूप घरूनच न्या.

ग्वाल्हेर: तीन रात्री

मुक्काम स्टेशनजवळ किंवा लष्कर भागात करा. स्टेशनजवळ खोल्या स्वस्त, पण कलकलाट फार. लष्कर म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तो भाग. छावणी उठलीच नाही, तिचं शहर झालं. महाराज बाड्याभोवती फिरताना दारावरच्या पाट्यांवर अजून मराठी आडनावं दिसतात. एखाद्या म्हाताऱ्या आजोबांशी मराठीत बोलून पाहा. उत्तर मराठीतच येईल, फक्त हेल हिंदीचा असेल.

पहिल्या संध्याकाळी किल्ल्याच्या वाटेला जाऊ नका, वेळ पुरत नाही. फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, तिथे जा. जून १८५८ मध्ये त्या इथेच लढताना पडल्या. झाशीच्या आधी ही समाधी पाहणं म्हणजे गोष्टीचा शेवट आधी वाचणं, हे खरं. पण झाशीला पुतळे आणि फलकांची इतकी गर्दी आहे की हा साधा चौथरा मनात असलेला बरा.

दुसरा दिवस पूर्ण किल्ल्याचा. वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई दरवाज्याची वाट गाड्यांची, पूर्वेची किल्ला गेटची वाट पायी चढायची. रिक्षावाला तुम्हाला उरवाईलाच न्यायला बघेल. त्याला ‘किला गेट’ असं निक्षून सांगा. सकाळी उघडण्याच्या वेळेला तिथे पोचा आणि पूर्वेने चढून पश्चिमेने उतरा.

चढाच्या तोंडाशीच गुजरी महाल आहे. मानसिंहाने तो मृगनयनी राणीसाठी बांधला, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे वृक्षाखालच्या स्त्रीची दगडी मूर्ती, इथेच आहे. मूर्ती लहानशी असल्यामुळे ती फिरतीवर नाही ना, दालन उघडं आहे ना, हे तिकीट काढतानाच विचारा. संग्रहालय किल्ल्याइतकं लवकर उघडत नाही, म्हणून ते तिसऱ्या दिवसासाठी ठेवलं तरी चालेल.

पुढे चढावरच, डाव्या-उजव्या भिंतीकडे लक्ष ठेवलं नाही तर सहज मागे पडेल असं एक छोटं मंदिर कातळात कोरलेलं आहे, चतुर्भुज मंदिर. आतल्या शिलालेखाचं वर्ष ८७६. देवासाठी बाग दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज फुलांच्या ५० माळा द्यायच्या, असा त्यातला साधा हिशेब. या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बारीक वर्तुळासारखं कोरलेलं आहे, आजच्यासारखंच. भारतात तारखेसकट कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांत त्याची गणना होते. दाराला कुलूप असेल तर आसपासच्या पहारेकऱ्याला विचारा. आत अंधार असतो. टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला लावून आडवी धरा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात.

मग हत्ती पोळ दरवाज्यातून वर आलात की मानमंदिर. आत शिरायची घाई नको. पूर्वेच्या भिंतीखालीच थांबा. सकाळचं ऊन त्या भिंतीवर सरळ पडतं आणि निळ्या लाद्या चमकतात. त्यात पिवळ्या बदकांची एक लांबलचक रांग आहे, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडं आहेत. पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊनही तो निळा टिकून आहे. आत दोन चौक आहेत आणि त्याखाली तळघराचे दोन मजले. राण्यांच्या गारव्यासाठी बांधलेल्या या गोल दालनांचा मुघलांनी तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष ग्वाल्हेरच्याच किल्ल्यात कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच त्याला ठार मारलं. तिकिटाचं एक लक्षात घ्या, किल्ल्यावर एकच तिकीट सगळीकडे चालत नाही. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तू वेगळ्या, राज्याच्या वेगळ्या. सगळी तिकिटं जपून ठेवा.

दुपारी सास-बहू मंदिर आणि तेली का मंदिर. सास-बहू हे नाव सहस्रबाहूचा अपभ्रंश असल्याचं सांगतात. त्यातलं मोठं मंदिर १०९३ मध्ये पुरं झालं. तेली का मंदिर त्याहून जुनं आणि किल्ल्यावरचं सर्वांत उंच. त्याचं शिखर द्राविडी गोपुरासारखं आहे, उत्तरेत तसं सहसा दिसत नाही. जेवायला गुरुद्वारा दाता बंदी छोडमध्ये जा. जहांगीराने गुरू हरगोविंदांना या किल्ल्यात कैद केलं होतं. सुटताना त्यांनी सोबत बावन्न राजांना सोडवून नेलं, अशी शीख परंपरा आहे. लंगर सर्वांना खुलं आहे. डोकं झाका, चप्पल बाहेर ठेवा, पंगतीत बसा. जेवून झाल्यावर भांडी घासायला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही.

उतरताना उरवाईच्या घळीत दोन्ही बाजूंना पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती आहेत. सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच. बाबराने त्या फोडण्याचा हुकूम दिला. कामगारांनी मुख्यतः चेहरे फोडले आणि पुढे जैन समाजाने अनेक चेहरे पुन्हा घडवले. नीट पाहिलं तर मानेपाशी सांधा दिसतो.

तिसऱ्या दिवशी जयविलास महाल. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये तो बांधला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल की नाही ते पाहायला वर हत्ती चढवले होते, असं प्रत्येक गाईड सांगतो. ऐकायला हरकत नाही. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून पदार्थ फिरवणारी चांदीची आगगाडी मात्र समोर दिसते. साताऱ्याच्या कण्हेरखेडच्या पाटलांचं घराणं कुठवर पोचलं हे पाहायला हा महाल बघावा. वास्तू म्हणून त्यात रमण्यासारखं थोडकं आहे, झगमगाट फार. तिकीटही इतर ठिकाणांपेक्षा बरंच महाग. साप्ताहिक सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या.

त्यापेक्षा दुपारी सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा आणि त्याच आवारातली तानसेनाची साधी कबर पाहा. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो, असा गायकांचा जुना विश्वास. आपल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ज्या घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणली ते हेच गाव. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. तो गाठायचा असेल तर खोली खूप आधी ठरवा.

खाण्याचं थोडक्यात: सकाळी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि रस्सा भाजी, वर जिलबी. नया बाजारातले बहादुराचे लाडू. थंडीत गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत वडी). गजक प्रवासात टिकते, पण सॅकच्या तळाशी ठेवलीत तर तिचा चुरा होईल.

हाताशी जादा दिवस असेल तर मुरैना जिल्ह्यातलं मितावली, पढावली, बटेश्वर करा. मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आणि गोल. बटेश्वरला पडझड झालेल्या शेकडो लहान मंदिरांपैकी अनेक मंदिरं पुरातत्त्व खात्याने के. के. मुहम्मद यांच्या पुढाकाराने दगडावर दगड जुळवून पुन्हा उभी केली. हा चंबळचा डाकूंचा मुलूख होता, तेही काम त्यांच्याशी बोलणी करूनच सुरू झालं. इथे शेअर रिक्षा मिळत नाहीत. ग्वाल्हेरहून दिवसाची गाडी ठरवा, दोघा-तिघांनी मिळून परवडते.

झाशीकडे जाताना

ग्वाल्हेर ते झाशी गाडीने दीड-दोन तास. अंतर लहान असल्याने जनरल डब्याचं किंवा चेअर कारचं तिकीट पुरे. ग्वाल्हेर सोडल्यावर आंतरी नावाचं लहान स्टेशन लागतं. १६०२ मध्ये या भागात अकबराचा विश्वासू अबुल फजल मारला गेला. मारला बुंदेला वीरसिंहदेवाने आणि मारायला लावलं शाहजादा सलीमने. आंतरीला अबुल फजलाची कबर आहे. तीन वर्षांनी सलीम जहांगीर म्हणून तख्तावर आला आणि वीरसिंहदेवाला ओरछाची गादी मिळाली. पुढच्या तीनही ठिकाणांचा बांधणारा हाच माणूस: झाशीचा किल्ला त्याचा, ओरछाचा जहांगीर महाल त्याचा, दतियाचा सातखंडा महालही त्याचाच.

झाशीला मुक्काम नको. क्लोक रूममध्ये सॅक टाका आणि अर्धा दिवस द्या. किल्ला १६१३ चा, पण आज आपण पाहतो त्यातला काही भाग मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी वाढवलेला. कडकबिजली आणि भवानीशंकर या तोफा पाहा, तोपची गुलाम गौस खानाची कबर पाहा. जिथून राणीने घोड्यासह उडी मारली असं दाखवतात तिथे फोटोंसाठी रांग असते, ती मी टाळतो. मराठी माणसाने खरं तर शहरातल्या गणेश मंदिरात जावं. गंगाधरराव नेवाळकर आणि मनकर्णिका यांचं लग्न १८४२ मध्ये इथे लागलं. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. आणि १८५८ च्या वेढ्यात पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी याच शहरात अडकले होते. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून त्या दिवसांतली आगीत होरपळणारी झाशी आपल्याला मराठीत वाचता येते. राणीमहालही पाहून घ्या, तासाभराचं काम.

ओरछा: तीन रात्री, कमी नकोत

झाशीच्या बसस्टँडवरून ओरछाच्या शेअर रिक्षा सुटतात. अंतर अठरा किलोमीटरच्या आत. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय याची तिथली व्याख्या आपल्याहून फार उदार आहे. सॅक टपावर जाते, तेव्हा पावसाचं कव्हर चढवून ठेवा. संध्याकाळ व्हायच्या आत पोचा.

खोली घेण्याआधी पंचांग पाहा. हा विनोद नाही. पुष्य नक्षत्राच्या दिवशी, रामनवमीला आणि विवाहपंचमीला रामराजाच्या दर्शनाला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक लोटतात आणि गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. एरवी साधी खोली सहज मिळते. गंज वस्तीत गावकऱ्यांच्या घरी होमस्टे आहेत, शेणाने सारवलेलं अंगण आणि चुलीवरची भाकरी-भाजी. शीश महालात मध्य प्रदेश पर्यटन खात्याचं हॉटेल आहे. एक रात्र खिसा सैल सोडायचा असेल तर ती इथे सोडा, कारण बाकीचे पर्यटक गेल्यावरही तुम्ही महालांच्या आवारात असता.

पहिल्या सकाळी पुलावरून आवारात जा. राजा महालाच्या दारात मिळणारं एकच तिकीट ओरछाच्या बाकी स्मारकांनाही चालतं, ते हरवू नका. आधी राजा महाल बघा. बाहेरून तो अगदी रुक्ष. आत राजा-राणीच्या दालनांत छतांवर आणि भिंतींवर चित्रं आहेत: दशावतार, रामायणातले प्रसंग, शिकार, कुस्ती. काही दालनांना कुलूप असतं. पहारेकऱ्याशी ‘दादा, राम-राम’ने सुरुवात करा, दोन मिनिटं थांबा, मग किल्लीचं विचारा. उघडून दिलं तर चहापाण्याचं पाहा.

नंतर जहांगीर महाल. चौरस, तीन मजली, आठ मोठे घुमट आणि मधे मोकळा चौक. पूर्वेच्या दारात दोन दगडी हत्ती उभे आहेत. वरच्या मजल्याच्या सज्जांवर निळ्या लाद्यांचे तुकडे अजून आहेत. ग्वाल्हेरची बदकं आठवतील. कठडा कुठे आहे, कुठे नाही. सज्जावरून मागे सरकत फोटो काढू नका. गच्चीवरून बेतवेकडे पाहिलं की कोनाड्यांत बसलेली गिधाडं दिसतात. नदीकाठच्या कांचन घाटावरच्या राजांच्या छत्र्यांवर ती अधिक दिसतात. पुण्याच्या वानवडीची शिंद्यांची छत्री पाहिली असेल तर ‘छत्री’ म्हणून हे एवढे उंच, मंदिरासारखे मजले पाहून चकित व्हाल.

दुपार रिकामी ठेवा. जेवा, झोपा. देवळंही बंद असतात. संध्याकाळी रामराजा मंदिरात जा. गोष्ट अशी सांगतात: राणी गणेशकुंवरीने अयोध्येहून मूर्ती आणली, ओरछातल्या चतुर्भुज मंदिराचं बांधकाम पुरं होईपर्यंत आपल्या महालात ठेवली आणि मग मूर्ती तिथून हललीच नाही. म्हणून ते अवाढव्य चतुर्भुज मंदिर मूळ देवाविना राहिलं आणि राणीचा महाल हेच देऊळ झालं. इथे राम राजा आहे, म्हणून आरतीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात. दिवसा राम ओरछात आणि निजायला अयोध्येत, असं इथली माणसं सांगतात. प्रसादाला विडा मिळतो. आत कॅमेरा, मोबाइल काढू नका. चामड्याचा पट्टा खोलीवरच ठेवून जा.

दुसरी सकाळ लक्ष्मीनारायण मंदिराला द्या. गावापासून चालत वीसेक मिनिटं. इथल्या भिंतींवर रामायण-कृष्णलीलांशेजारी १८५७ च्या लढाईचीही चित्रं आहेत, टोपीवाले शिपाई, तोफा, किल्ल्यावरून लढणारी माणसं. झाशी पाहून आलेल्याने इथे तासभर काढावा. चतुर्भुज मंदिराच्या गच्चीवर जाऊ देतात की नाही, हे त्या दिवशीच्या पहारेकऱ्यावर आहे. जिना उंच पायऱ्यांचा आणि काळोखा, गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच नमस्कार करा.

दतिया: सॅक न घेता

बरेच जण ग्वाल्हेरहून झाशीला येताना मधे दतियाला उतरतात. मग सॅक कुठे ठेवायची हा प्रश्न येतो आणि सात मजले ओझं वाहत चढावं लागतं. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी ओरछाची खोली सोडा, झाशीच्या क्लोक रूममध्ये सॅक ठेवा आणि पॅसेंजरने किंवा बसने दतियाला जाऊन या. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. शनिवारी पीतांबरा पीठात धूमावती देवीच्या दर्शनाला झुंबड असते, तेव्हा तुम्हाला दर्शनच घ्यायचं नसेल तर तो वार टाळा.

स्टेशनवरून रिक्षावाल्याला ‘पुराना महल’ सांगा. ‘दतिया पॅलेस’ म्हणालात तर तो विचारात पडेल. १६१४ च्या सुमाराचा हा सात मजली महाल, लोखंड-लाकडाशिवाय बांधलेला, आणि राजघराणं त्यात कधी राहिलंच नाही असं सांगतात. खालचे मजले अंधारे, बुटके, वटवाघळांचा उग्र वास. रुमाल जवळ ठेवा. दोन जिने चढून वर आलात की एकदम उजेड. मधोमध एक स्वतंत्र मनोरा उभा आहे आणि चारही बाजूंच्या दालनांतून त्याला जोडणारे अधांतरी पूल आहेत. मानमंदिरात जो चौक होता, जहांगीर महालात जो चौक मोठा झाला, त्याच चौकाच्या मधे इथे मनोरा चढवला आहे. पुलांवर एका वेळी एकानेच जा. कमानींखाली मधमाश्यांची पोळी असतील तर आवाज नको, अत्तर-परफ्यूम नको. सर्वांत वरच्या मजल्याला कुलूप असू शकतं. पहारेकरी खाली असतो, तेव्हा चढायच्या आधीच विचारा, नाहीतर पुन्हा खाली यावं लागेल. छतांवरची नक्षी पाहायला जमिनीवर सरळ पाठ टेकून झोपा. मान अवघडत नाही आणि टॉर्चही स्थिर राहते.

पाण्याची बाटली स्टेशनवरच भरून घ्या, महालाच्या टेकडीवर दुकान मिळेल याचा भरवसा नाही. परतीच्या गाडीच्या आधी झाशीत किमान चार तास हाताशी ठेवा. पॅसेंजर गाड्यांना मेल-एक्सप्रेससाठी बाजूला थांबवतात आणि मग दतियाहून झाशीला यायला वेळापत्रकाच्या दुप्पट वेळ लागतो. पॅसेंजर रखडली असेल तर तिची वाट पाहत बसू नका, हमरस्त्यावर येऊन झाशीची बस पकडा.